युन्सुलचा पट्टेरी अंगरखा

बोरामच्या हातात कला आहे हे तिला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं, आणि तेही दुसरीच्या घरात बसून, दुसरीच्या सुईने. तोवर त्या हातांनी केलं काय होतं? जहाजांच्या कारखान्यातल्या खानावळीत चार वर्षं ताटं वाढली होती. भात, किमचीचं लोणचं, सार, माशाचा तुकडा, की मग पुढचा माणूस. त्यातल्याच एका ताटामागे सांग-उक उभा राहायचा, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी बाह्यांची चाळण झालेला. "जरा भात जास्त घाला ना," एवढंच म्हणायचा. ती घालत गेली आणि एक दिवस लग्न झालं. आमच्या कोजे बेटावर लग्नं अशीच जुळतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं सुरू झालं ते बाळंतिणींच्या केंद्रात. आमच्याकडे बाळंत झालेली बाई दवाखान्यातून आधी तिथे जाते; तिथल्या चौथ्या मजल्यावर दोन आठवडे ती होती. दिवसातून तीन वेळा समुद्री शेवाळाचं सार प्यायचं, बाळाला पाजायचं आणि झोपायचं. सार पिऊन पिऊन जीव विटला तेव्हा समोरच्या खुर्चीवरची बाई म्हणाली, "आणखी एक वाटी प्यायले ना, तर मलाच शेपूट फुटेल आणि मी पोहत घरी जाईन." ही मीरान. तोंडाचा पट्टा सकाळी सुटायचा तो दिवे मालवेपर्यंत. शेजारी बसलेली हेवन नुसती हसली. हेवन सदतीस वर्षांची. आठ वर्षं डॉक्टरांचे उंबरठे झिजवून तिला मुलगा झाला होता आणि ती त्याच्याकडे असं बघायची, जणू कोणी येऊन 'चुकून दिला, परत द्या' म्हणेल. त्याचं नाव युन्सुल ठेवलं, म्हणजे पाण्यावर पडलेल्या उन्हाची लकाकी. बोरामची दाओन त्याच्याहून पाच दिवसांनी मोठी आणि मीरानचा रोहा आठवड्याने धाकटा.

आमच्याकडे म्हणतात, पलटणीतली मैत्री एकवेळ तुटेल, पण बाळंतकेंद्रातली तुटायची नाही. तिघी राहायच्याही एकाच वसाहतीत. बोराम एकशेतीन नंबरच्या इमारतीत, हेवन एकशेपाचमध्ये, मीरान रस्त्यापलीकडे. दर मंगळवारी दुपारी लेकरांना हेवनच्या घरी एका ओळीत झोपवायचं आणि गप्पा मारायच्या, असा रिवाज पडला.

मीरानला छंदांचा छंद होता. आधी तिने साबण केले, ते फेसच देईनात. मग पाव भाजले. "माझ्या नवऱ्याने एक पाव दाराला अडसर म्हणून लावलाय," असं तीच सांगायची. मग चार तारांचं छोटं वाद्य आणलं, आणि ते ऐकून तिन्ही लेकरं एका सुरात रडली. शेवटी हेवन म्हणाली, "बायांनो, सुई धरा. सुई आवाज करत नाही." हेवनची आई बाजारात सणाचे कपडे शिवायची, त्यामुळे टाका तिच्या रक्तातच होता. मीरानने अर्ध्या तासात बोटं टोचून घेतली आणि 'मी खायचं बघते' म्हणून स्वयंपाकघर गाठलं. बोरामने मात्र पहिल्याच दिवशी एक बगळा भरला. हेवनने कापड उलटं करून मागची बाजू पाहिली. ती नेहमी मागची बाजू आधी बघायची.

"कुठं शिकलीस?"

"कुठंच नाही, ताई."

"खोटं बोलू नकोस. मागे एक गाठ दिसत नाही. माझी आई असती तर तुला घरी ठेवून घेतलं असतं आणि मला खानावळीत धाडलं असतं."

बोराम त्या दिवशी घरी गेली ती पायऱ्या मोजत नाही, उडत गेली म्हणा. घरी आलेल्या सासूने विचारलं, "काय झालं गं, लॉटरी लागली?" तर सांगता येईना. टाका चांगला आला म्हणून कोणी एवढं खूश होतं का? पण ती होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणीतरी 'कुठं शिकलीस' असं विचारलं होतं.

मग ठरलं की तिन्ही लेकरांच्या पहिल्या वाढदिवसाला अंगरखे घरीच करायचे. बाह्या रंगीत पट्ट्यांच्या, गळपट्टी पांढरी, आणि पाठीवर दीर्घायुष्याची भरतकामं: बगळा, पाइनचं झाड, कासव. शिवण हेवनची, भरत बोरामचं. पहिला वाढदिवस म्हणजे आमच्याकडे लहानसहान गोष्ट नाही. टेबलावर तांदूळ, दोरा, पेन्सिल, नोटा, चेंडू मांडायचे आणि लेकरू काय उचलतं ते सगळ्यांनी श्वास रोखून बघायचं. दोरा उचलला तर आयुष्य लांब.

दाओनचा वाढदिवस शनिवारी होता, युन्सुलचा पुढच्या गुरुवारी. दाओनचा अंगरखा तयार होऊन कपाटात लागला होता. युन्सुलच्या पाठीवरचं कासव तेवढं राहिलं होतं, म्हणून बोरामने तो घरी आणला. वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी तिला हुक्की आली. शिवलेलं कापड अंगावर कसं पडतं ते बघावं म्हणून तिने तो दाओनला घातला. लेकरं एकाच मापाची, त्यात काय वाईट? दाओन भोपळ्याची लापशी खात होती. एक चमचा गळपट्टीवर सांडला. सासूबाई तेव्हाच मुळ्याच्या किमचीचा डबा घेऊन आल्या होत्या. "कशी राजकन्या दिसतेय माझी!" म्हणून त्यांनी पोरीचे मुके घेतले. कासव पुरं झाल्यावर डाग धुऊ, असं बोराम म्हणाली आणि अंगरखा घडी करून ठेवला.

सोमवारी युन्सुलला ताप आला. मंगळवारी दुपारची बैठक रद्द झाली, कारण तो दवाखान्यात होता. "ताप हृदयापर्यंत गेलाय म्हणतात," मीरानने फोनवर सांगितलं आणि लगेच फोन ठेवला. बुधवारी सकाळी तो गेला.

दुपारी हेवनचा फोन आला. बोराम भिंतीला टेकून उभी राहिली. आवाज हेवनचाच होता, पण त्यात काही उरलंच नव्हतं.

"बोराम, तो अंगरखा तुझ्याकडे आहे ना?"

"हो ताई. ताई, मी…"

"रडू नकोस. तू रडलीस तर मला बोलता येणार नाही. उद्या अकराची वेळ मिळालीय, पुलापलीकडच्या दाहगृहात. लहान लेकराला मोठ्यांसारखं तीन दिवस ठेवत नाहीत. त्याला दवाखान्याचं झबलं घालून पाठवायचं नाही मला. अंगरखा घेऊन ये."

"कासव अर्धं आहे, ताई."

"असू दे अर्धं. तूच आण. दुसऱ्या कोणाला बघायचं नाहीये मला."

"आणते," बोराम म्हणाली. "साडेदहालाच पोचते."

तिने अगदी मनापासून सांगितलं होतं, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं ऐकून तिला नावं ठेवायची तर ठेवा, पण त्या वेळी ती जाणारच होती.

सासूबाई बाजूलाच बसून शनिवारच्या पाहुण्यांची यादी करत होत्या. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "कुठे पोचतेस?"

बोरामने सांगितलं. सासूबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, बोराम भांडून गेली असती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घरात शुभकार्य ठरलं की मरणाच्या दारात पाय ठेवत नाहीत, पोरी. शनिवार होऊ दे. मग जा आणि तिच्या गळ्यात पडून रड."

"आई, शनिवारी काय उपयोग? उद्या अकरा वाजता…"

"सांग-उकच्या पाठचा मला एक मुलगा होता."

हे बोरामला ठाऊक नव्हतं. सांग-उकलाही नव्हतं, हे तिला नंतर कळलं.

"तो शंभर दिवसांचा होणार, त्याचं जेवण तीन दिवसांवर होतं," सासूबाई म्हणाल्या. "शेजारची म्हातारी गेली. सगळ्यांनी सांगितलं, जाऊ नकोस. मी म्हटलं, जन्मभर शेजार केला, मयतीच्या घरी भांडी कोण घासणार? गेले. येताना दारात अंगावर मीठ टाकून घेतलं. सगळं रीतीप्रमाणे केलं. नवव्या दिवशी माझं लेकरू गेलं. कोणी एक शब्द बोललं नाही. पण माझ्या सासूने मरेपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही." त्यांनी हात पुसले, हात ओले नव्हते तरी. "आणि तू नुसती जात नाहीयेस. तो अंगरखा रविवारी कोणाच्या अंगावर होता?"

"दाओनच्या," बोराम म्हणाली.

"जिवंत लेकराच्या अंगावरून काढलेलं कापड मेलेल्याबरोबर जाळतात का गं कोणी? तुझ्या माहेरी असलं करतात?"

नुसता जायचा प्रश्न असता, तर टॅक्सीवाल्याच्या हाती अंगरखा पाठवता आला असता. पण आता गोष्ट कापडाचीच झाली होती. बोरामने मीरानला फोन केला. मीरान रडत रडत म्हणाली, "मी कशी जाऊ? मी दुसऱ्यांदा दोन जिवांची आहे, तुम्हा दोघींनाच तर सांगितलंय. मला तर दाराशी उभं राहायचीही चोरी." मग बोरामने अंगरख्याचं सांगितलं. "दाओनला घातला होतास? अगं बाई." त्या 'अगं बाई'ने बोराम जास्त घाबरली. सांग-उक जेवणाच्या सुट्टीत फोनवर म्हणाला, "मी असल्या गोष्टी मानत नाही. पण आईचं ऐक." पुरुषांचं हे बरं असतं.

गुरुवारी सकाळी ती तरीही निघाली. शनिवारच्या तांदळाच्या वड्या सांगून येते, असं खोटं बोलून दाओनला तिने सासूकडे दिलं. अंगरखा रुमालात बांधून पिशवीत घातला. नऊची बस मिळाली. मनाशी तिने पक्कं ठरवलं होतं, की हे सगळे जुने समज आहेत, ताप जंतूंनी येतो, कापडाने नाही. खानावळीत काम केलेली बाई ती, तिला काय एवढंही कळत नव्हतं?

वाटेत तिने एकदा रुमाल सोडला. अर्धं कासव नीट दिसतंय ना बघावं म्हणून. गळपट्टीवर लापशीचा डाग तसाच होता, पिवळा, वाळलेला. आणि कापडाला दाओनचा वास येत होता, दुधाचा आणि मानेच्या घामाचा. युन्सुलचा तो अंगरखा, पण युन्सुलने तो एकदाही घातला नव्हता. वास पोरीचा होता. हे आगीत घालायचं. बोरामने रुमाल घाईघाईने परत बांधला. पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर बस उभी राहिली आणि तिला कळायच्या आत ती खाली उतरली होती.

पुढची बस पकडू, असं तिने स्वतःला सांगितलं. पुढची बस आली आणि गेली. त्यानंतरचीही.

दहा पन्नासला फोन थरथरला. हेवनचा निरोप: "कुठे आहेस?"

बोराम बाकावर बसली होती. समोर पूल अगदी मोकळा होता. गाड्या सुळसुळ जात होत्या, खाली खाडी चकाकत होती. तिने लिहिलं, "पुलावर अपघात झालाय. बस अडकलीय."

"मी त्यांना थांबायला सांगते."

अकरा वाजून चार मिनिटांनी पुन्हा निरोप आला: "दहा मिनिटं दिलीत. पाठोपाठ दुसरे लोक आहेत, त्याहून जास्त नाही म्हणतात. पळत ये."

टॅक्सी केली असती तर अजूनही पोचली असती. समोरून दोन रिकाम्या गेल्या. ते तिला चांगलं आठवतं, दुसऱ्या टॅक्सीचा रंगसुद्धा. तिने हात केला नाही. पिशवी मांडीवर घट्ट धरून ती नुसती बसून राहिली आणि मनातल्या मनात माझी दाओन, माझी दाओन, असं म्हणत राहिली. सव्वाअकरा झाले. फोन पुन्हा वाजला नाही.

शनिवारी वाढदिवस झाला. दाओनला नवा अंगरखा फार शोभत होता. टेबलावर सगळं मांडलं, चाळीस माणसं भोवती वाकून उभी राहिली. दाओनने तांदळाकडे पाहिलं, पेन्सिल बाजूला लोटली आणि सरळ दोऱ्याची लड उचलून तोंडात घातली. टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाई ओक्साबोक्शी रडल्या. सगळ्यांना वाटलं आनंदाने, आणि तसं होतंही. त्यांनी बोरामचा हात धरला. "बघितलंस? ऐकलंस म्हणून." बोरामनेही टाळ्या वाजवल्या. तिला मनापासून आनंद झाला, ही तर खरी लाज होती. फोटोत ती हसते आहे.

त्यानंतर मंगळवार आले आणि गेले. मीरान म्हणायची, "एकदा जाऊन येऊ गं." बोराम म्हणायची, "जाऊ." पण एकशेपाचकडे जाणारी वाट सोडून ती मागच्या दाराने बाजारात जायची. हेवनने तिला एकच निरोप पाठवला होता: "तू अडकलीस त्याला तू काय करणार? मनाला लावून घेऊ नकोस." तो वाचून बोरामने फोन तांदळाच्या डब्यात खुपसला, जणू तो बघत होता.

एक काम मात्र तिने केलं. दाओन दुपारी झोपली की ती कासव भरायची. डाग तिने धुतला नाही. दोनदा पाण्यापर्यंत नेला आणि परत आणला. का, ते तिलाही सांगता यायचं नाही.

एकोणपन्नासाव्या दिवशी, म्हणजे आमच्याकडे गेलेल्याला शेवटचा निरोप देतात त्या दिवशी, सकाळी दाराची घंटा वाजली. हेवन होती. इतकी वाळली होती की अंगातला कोट दुसऱ्या कोणाचा वाटत होता. "आज देवळात त्याच्या वस्तू जाळायच्या आहेत," ती म्हणाली. "अंगरखा दे, तेवढा न्यायला आलेय."

"आत ये ना, ताई."

"नको. लेकरू आहे घरात. मी मयतीच्या घरची." ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, दारापासून दोन पावलं लांब.

बोरामने अंगरखा आणून तिच्या हातात दिला. हेवनने सवयीने तो उलटा करून मागची बाजू पाहिली. "कासव पुरं केलंस," ती म्हणाली. "एक गाठ नाही. किती स्वच्छ हात आहे गं तुझा." मग तिने तो सुलटा केला आणि तिचा अंगठा गळपट्टीवर थांबला. शिंप्याच्या घरातली बाई ती, डागावरून तिची नजर कशी घसरेल?

"हे काय?"

बोरामला खोटं सुचलं असतं. पूल सुचला होता तसं. पण तिच्याच्याने झालं नाही. "लापशी. भोपळ्याची. दाओनची."

"कधी घातला होतास तिला?"

"त्या रविवारी. माप बघायला."

हेवन जिन्याच्या पायरीवर खाली बसली. आत दाओन डबे बडवत होती.

"म्हणजे पुलावर काही झालं नव्हतं."

"नाही, ताई."

"तू निघाली तरी होतीस का?"

"पुलापर्यंत आले होते. तिथंच बसले होते." बोरामला हुंदका आवरेना. "मला मार, ताई. काही म्हण मला."

"काय म्हणू?" हेवनने अंगरख्याची घडी केली, बाह्या आत, गळपट्टी वर, तिच्या आईने शिकवली होती तशी. "मी काय परमुलखातून आलेय? युन्सुल पोटात होता तेव्हा सख्खी आत्या गेली, मी तिचं तोंड बघायला गेले नाही. मला नुसतं सांगायचंस, ताई, दाओनने घातला होता. मीच म्हटलं असतं, आणू नकोस. दवाखान्याच्या झबल्यात गेला असता, तसाही त्यातच गेला."

तिने घडी बोरामच्या हातात परत ठेवली.

"ताई, देवळात…"

"हा मी जाळणार नाही. पोरीचा डाग आहे त्याच्यावर. ठेव तुझ्याकडे, तिला सुखात राहू दे." ती कठड्याला धरून उठली आणि लिफ्टचं बटण दाबलं. बोरामकडे तिने पाहिलं नाही. "आली नसतीस तर मला चाललं असतं, बोराम. देवाशपथ चाललं असतं. पण तू येतेय म्हणालीस म्हणून दाहगृहातल्या त्या माणसाच्या पाया पडून मी दहा मिनिटं मागून घेतली. आणि ती सगळी दहा मिनिटं मी फाटकाकडे बघत उभी राहिले. तो माझ्या मागे होता. मी वळून एकदाही पाहिलं नाही त्याच्याकडे, तू दिसशील म्हणून."

लिफ्ट आली आणि ती गेली.